टाळी वाजली म्हणून पावित्र्य भंगत नाही

प्रति,
मंडळीचे पाळक, वडीलजन आणि उपासना समितीचे सर्व सभासद,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेच्या पत्रकावर एक सूचना छापून आली. उपासनेत टाळ्या वाजवू नयेत, गाताना हात उंचावू नयेत, मध्येच मोठ्याने ‘आमेन’ किंवा ‘हालेलूया’ म्हणू नये, पावित्र्य राखावे. खाली आधार दिला होता पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, अध्याय १४, वचन ४०. सूचनेची भाषा नम्र होती आणि लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. तरी ती मला पटली नाही. समितीच्या पेटीत चिठ्ठी न टाकता हे उघडपणे लिहिते आहे, कारण हा वाद एका मंडळीपुरता राहिलेला नाही. काही ठिकाणी आनंदाला दारातच अडवतात, तर काही ठिकाणी त्याला मानगूट धरून मंचावर आणतात. अवघडून जातात ती दोन्हीकडची बाकांवर बसलेली माणसे.

आधी त्या वचनाचे पाहू. सगळे शिस्तीने आणि व्यवस्थित व्हावे असे पौल म्हणतो, हे खरे. पण सांगतो कुणाला? करिंथची मंडळी काही गप्प बसणाऱ्यांची नव्हती. कुणी स्तोत्र घेऊन यायचा, कुणी शिकवण, कुणी प्रकटीकरण, कुणी अन्य भाषा, म्हणजे इतरांना न कळणारी आत्म्याने स्फुरलेली वाणी, आणि सगळ्यांनाच बोलायची घाई. तेव्हा पौल नियम घालतो: अन्य भाषेत बोलायचे तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने; अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावे. एवढे सांगून झाल्यावर, चाळिसाव्या वचनाच्या अगदी आधी, तो बजावतो की अन्य भाषांत बोलण्याला मनाई करू नका. वाहत्या पाण्याला घातलेला हा बांध आहे. आपण तो कोरड्या पात्रात बांधला आहे.

त्याच अध्यायात सोळावे वचनही आहे. तुझ्या शेजारी बसलेल्या साध्या माणसाला तू काय बोललास ते कळलेच नाही, तर तुझ्या उपकारस्तुतीला तो ‘आमेन’ कसा म्हणेल, असे पौल विचारतो. म्हणजे लोक ‘आमेन’ म्हणणारच हे त्याने गृहीत धरले आहे. ते म्हणता यावे म्हणून तर त्याची सगळी खटपट. त्याच अध्यायाच्या आधारावर आपण ‘आमेन’ बंद करायला निघालो आहोत.

शिस्त की जल्लोष, असा प्रश्न कुणी मांडला की मला दावीद राजा आठवतो. त्याची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. देवाचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमेत आणण्याचा त्याचा पहिला प्रयत्न फसला होता. तेव्हाही वीणा, सारंग्या, डफ, झांजा सगळे होते. दावीद आणि सारे इस्राएल पूर्ण जोमाने आनंद करत होते. कोश मात्र नव्या गाडीवर ठेवला होता. तो लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या माणसांनी, खांद्यावर वाहायचा असतो हे कुणी लक्षात घेतले नव्हते. बैल अडखळले, उज्जाने हात लावला आणि तो तिथेच मेला. दावीद घाबरला. तीन महिने कोश ओबेद-अदोमाच्या घरी राहिला.

आता दावीदाच्या जागी आपली समिती असती तर? पुढच्या पत्रकात ‘यापुढे वाद्ये व नाच बंद’ असे छापून आले असते. दावीदाने नेमकी चूक दुरुस्त केली. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात ते तपशीलवार दिले आहे: लेवी शुद्ध झाले, दांडे खांद्यावर आले, गाणारे नेमले गेले आणि गायनाची जबाबदारी कनन्याकडे आली, कारण तो त्यात निपुण होता. म्हणजे शिस्त वाढली. आणि आनंद? कोश वाहणारे सहा पावले चालले तेव्हा यज्ञ झाला आणि दावीद याजकांसारखे तागाचे एफोद-वस्त्र घालून सगळ्या शक्तीनिशी परमेश्वरापुढे नाचला. शिस्त आली म्हणून नाच थांबला नाही. मला तर वाटते, शिस्त आली म्हणूनच तो निर्धास्त नाचू शकला.

मग येते मीखल. खिडकीतून नवऱ्याला नाचताना पाहून तिने मनात त्याला तुच्छ लेखले. टाळ्यांच्या बाजूने बोलणारे उपदेशक तिला हमखास खलनायिका करतात आणि ‘आपल्यात कोणी मीखल आहे का?’ असे विचारून समोरच्यांना ओशाळवतात. मला ते आवडत नाही. याच मीखलेने खिडकीतून उतरवून दावीदाचा जीव वाचवला होता. पुढे बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकले, आणि दावीदाने परत मागवले तेव्हा तो दुसरा नवरा रडत रडत तिच्या मागे चालत आला. तिला काय वाटले ते कुणी विचारलेले शास्त्रात नाही. खिडकीत उभ्या राहणाऱ्याच्या मागे काहीतरी घडलेले असते. टाळी न वाजवणाऱ्याला अविश्वासू ठरवण्याआधी एवढे तरी आठवावे.

पत्रकातल्या सूचनेमागची खरी धारणा मात्र अशी दिसते की आनंद मनात असला की पुरे, तो शरीरातून दिसायची गरज नाही. हा नियम आपण फक्त आनंदालाच लावतो. पापांगीकार करताना गुडघे टेकतो, प्रार्थनेत मान झुकवतो, शुभवर्तमानाच्या वाचनाला उभे राहतो. प्रभुभोजनात तर चक्क खातो आणि पितो. बाप्तिस्म्याला पाणी लागते. पश्चात्ताप मनातल्या मनात करा, गुडघे कशाला, असे कुणी म्हणत नाही. शब्द देही झाला असे मानणारे आपण लोक. मग एकट्या आनंदालाच देहाबाहेर का बसवायचे?

प्रेषितांच्या कृत्यांत तिसऱ्या अध्यायात जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस आहे. वय चाळिशीच्या पुढचे. मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजापाशी त्याला रोज आणून ठेवत. बरा झाल्यावर तो पेत्र आणि योहान यांच्याबरोबर मंदिरात गेला तो चालत, उड्या मारत आणि देवाची स्तुती करत. आयुष्यात पहिल्यांदा पायावर उभा राहिलेला माणूस आणखी काय करणार? लोकांनी त्याला ओळखले, ते चकित झाले, गोळा झाले, आणि पेत्राला उपदेशाची संधी मिळाली. आपल्याकडे तो आला असता तर दारावरच्या स्वयंसेवकाने त्याला हळूच बाजूला घेऊन पत्रक दाखवले असते.

‘हे आपल्या परंपरेत बसत नाही’ असेही ऐकू येते. परंपरा नेमकी कुठून मोजायची? इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने वीस नियम केले. त्यातला विसावा सांगतो की रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत प्रार्थना गुडघे टेकून करू नये, उभे राहून करावी. प्रभू उठला आहे, तर त्याच्या लोकांनीही उभे राहावे, अशी ती समजूत. पुनरुत्थानाचा आनंद शरीराने दाखवावा, असा चक्क नियम. आज आपण दुःखसहनाचे चाळीस दिवस काटेकोर पाळतो, उपास ठेवतो, गाणी निवडून घेतो. पुढचे पन्नास दिवस आनंदाचे. ते आपल्याकडे एका सकाळीत आटोपतात. दुसऱ्या रविवारी फुले सुकलेली आणि चेहरे पूर्ववत.

इथियोपियाच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स मंडळीत आजही धर्मसेवक हातात लांब काठी आणि सिस्ट्रम नावाचे खुळखुळणारे वाद्य घेऊन, मोठ्या ढोलाच्या तालावर, संथ डोलत स्तवन करतात. लक्झेंबर्गमधल्या एख्टरनाखला पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी संत विलिब्रॉर्डच्या कबरीकडे लोक रांगांनी उड्या घेत जातात. झैरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, धर्मप्रांतांसाठी रोमने १९८८ मध्ये मान्य केलेल्या मिस्साविधीत वेदीभोवतीच्या नृत्याला जागा आहे. ही उदाहरणे देऊन आपणही तसेच करावे असे मी म्हणत नाही. ते उसने दिसेल. पण संथ, स्तब्ध उपासना हीच मूळ आणि बाकी सगळे कालपरवा दूरचित्रवाणीवरून आलेले खूळ, असे कुणी म्हणू नये.

या सगळ्यात मला सर्वात जास्त हलवून सोडते ती अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गुलामांची उपासना. साउथ कॅरोलायनात १७३९ च्या बंडानंतर, १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. मग ताल हातांवर आला, पायांवर आला, लाकडी जमिनीवर आपटलेल्या काठीवर आला. उपासना झाल्यावर ते घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरत, पाय घासत, गात राहत. नाच हे पाप, असे त्यांनाही शिकवलेले होते. त्यामुळे एक मर्यादा पाळली जायची: पायावरून पाय जाता कामा नये, गेला तर तो नाच. म्हणजे तिथेही शिस्त होती, स्वतःच घालून घेतलेली. ज्यांच्याकडे आनंद करण्यासारखे जगाच्या लेखी काहीही नव्हते, त्यांच्या टाळ्यांतून नंतरच्या कितीतरी मंडळ्यांचे गाणे उभे राहिले. टाळी ही थिल्लर गोष्ट आहे असे म्हणणाऱ्याने एकदा त्या लाकडी जमिनीचा विचार करावा.

मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याविषयी काही सूचना छापल्या. अर्धमेल्यासारखे किंवा अर्धवट झोपेत असल्यासारखे गाऊ नका, जोरकस गा, असे ते सांगतात. पूर्वी सैतानाची गाणी गाताना तुम्हाला आवाजाची लाज वाटत नव्हती, मग आता का, असेही विचारतात. लगेच पुढे: पण ओरडू नका, इतरांहून वर आपला आवाज काढू नका, ताल सोडू नका, आणि गाताना प्रत्येक शब्दात लक्ष देवाकडे असू द्या. पत्रकावर सूचना छापायच्याच असतील तर या छापा. मी स्वतः वाटायला उभी राहीन.

आता भीती वाटणाऱ्यांची बाजू. ती मी मोडीत काढणार नाही. संत ऑगस्टीन यांच्यासारखा माणूस मिलानमध्ये मंडळीचे गाणे ऐकून रडला होता आणि नंतर त्यानेच लिहून ठेवले की शब्दांपेक्षा सूरच जास्त भावला तर मला ते पाप वाटते. धर्मसुधारक झ्विंगली स्वतः चांगले वादक. त्यांच्या झ्युरिकमध्ये उपासनेतून संगीतच गेले. ही माणसे रुक्ष नव्हती. संगीताची ताकद ठाऊक असल्यामुळेच ती सावध झाली. आणि शास्त्रातही पाहा: समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने डफ हाती घेतला आणि बायका तिच्यामागे नाचत निघाल्या. त्याच लोकांनी काही महिन्यांत सोन्याच्या वासराभोवतीही नाच केला. पाय तेच आणि उत्साहही तोच. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून तर देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापुढून दूर करा. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. मजुराची मजुरी बुडवून रविवारी हात उंचावणाऱ्याला हे लागू आहे. हात जोडून स्तब्ध बसणाऱ्यालाही तितकेच लागू आहे, हे आपण सोयीस्कर विसरतो.

अमेरिकेतले उपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, लाटेत लोकांना रडताना, थरथरताना, कोसळताना जवळून पाहिले. १७४६ मध्ये त्यांनी त्यावर सविस्तर लिहिले. शरीरावर दिसणारा परिणाम हा आत्म्याचे काम असल्याचा पुरावा नाही आणि नसल्याचाही नाही, हे त्यांचे म्हणणे मला आजही सर्वात शहाणपणाचे वाटते. खूण शोधायची ती नंतरच्या जगण्यात. आवाजाच्या पट्टीवरून भक्ती मोजणे सोडले, तर निम्मी भांडणे मिटतील.

इथे दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावणे भाग आहे. माझे हे पत्र वाचून आमच्यातले काही तरुण गायक खूश होतील. त्यांनी थोडे थांबावे.

मध्यंतरी मी एका दुसऱ्या मंडळीत उपासनेला गेले होते. दिवे मंद, ध्वनिक्षेपक मोठे. मंचावरून सारखे चाललेले: ‘ऐकू येत नाही! अजून जोरात! हात वर! शेजाऱ्याकडे बघून हसा!’ माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होत्या. त्यांच्या मुलाला पुरून महिनाही झाला नव्हता, हे मला नंतर कळले. सगळ्यांचे हात वर गेले तसे त्यांनीही वर केले. एक कडवे तसेच काढले. मग खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि चष्मा शोधू लागल्या. चष्मा डोळ्यांवरच होता. गाणे संपेपर्यंत त्या पिशवीत हात घालून बसून राहिल्या. मंचावरच्या तरुणाला हे दिसणे शक्यच नव्हते. दिव्यांचा झोत त्याच्या तोंडावर होता.

हुकमाने आणलेला आनंद ही वेठबिगारी आहे. ज्याला गाता येत नाही त्याला गप्प बसण्याची मुभा हवी, आणि ज्याला रडायचे आहे त्याला जागा. स्तोत्रसंहिता उघडून पाहा, विलापाची स्तोत्रे किती आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. दीडशेव्या स्तोत्रात शिंगे, वीणा, डफ, नाच, झणझणणाऱ्या झांजा सगळे आहे खरे, पण तिथे पोहोचायची वाट अठ्ठ्याऐंशीव्यातून जाते. आणि एज्राच्या तिसऱ्या अध्यायात नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा काय झाले? पहिले मंदिर पाहिलेली म्हातारी माणसे मोठ्याने रडली, बाकीचे हर्षाने ओरडले, आणि लोकांना आनंदाचा आवाज कुठला, रडण्याचा कुठला हे ओळखता येईना. कुणी कुणाला गप्प केले नाही. मला उपासना अशी हवी आहे.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. ती सूचना मागे घ्या आणि तिच्या जागी पौलाचा निकष छापा: शेजाऱ्याची उन्नती होते की नाही. टाळी शेजाऱ्याला सोबत घेत असेल तर वाजू द्या. ती एकट्याचे प्रदर्शन असेल तर पाळकांनी त्या एकाशी खाजगीत बोलावे. एकासाठी सगळ्यांना नियम नको.

गाण्यांचेही पाहा. आनंद अडतो तो पुष्कळदा नियमांनी नव्हे, पट्टीने. मुख्य गायकाला काळी चारमध्ये खुलता येते म्हणून मंडळीलाही येते असे नाही. धृपद वर गेले की अर्धे बाक ओठ हलवतात, सूर काढत नाहीत. आणि मग मंचावरून ‘जोरात!’ सुरू होते. पट्टी दोन स्वर खाली घ्या. एखादे कडवे वाद्ये पूर्ण थांबवून म्हणू द्या, लोकांना एकमेकांचा आवाज ऐकू येऊ द्या. गायकवृंदात इतकी वर्षे उभी राहून सांगते, हात वर करा म्हटल्याने जे होत नाही ते त्या एका कडव्यात होते. दर रविवारी नवे गाणे आणायची हौसही आवरा. ज्याचे शब्द अजून वाचावे लागतात ते गाणे अंगात भिनत नाही. आणि कारण आधी सांगा. देवाने काय केले ते नीट वाचले गेले, तर स्तुती मागून येते. घाईघाईत, डोके न वर करता वाचलेल्या वचनानंतर ‘आता आनंद करू या’ म्हणणे फोल आहे.

मुलांना मागच्या खोलीत पाठवण्याचाही फेरविचार व्हावा. मंदिरात ‘होसान्ना’ ओरडणाऱ्या मुलांवर मुख्य याजक आणि शास्त्री संतापले होते. येशूने आठव्या स्तोत्राचा दाखला देऊन मुलांची बाजू घेतली. आपण कुणाच्या बाजूला आहोत हे त्या प्रसंगी तपासून पाहायला हरकत नाही.

शांततेचा आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठांना मी एवढेच सांगेन की तुमची शांतता मला हवी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयी जे लिहिले, त्यात लोकांचे जयघोष, प्रतिसाद, गाणी, हावभाव यांबरोबर योग्य वेळची आदरयुक्त शांतताही एकाच परिच्छेदात ठेवली आहे. प्रभुभोजनानंतरची काही मिनिटे खरोखर शांत ठेवा. तिथे पेटी वाजवू नका, घोषणा करू नका. आज ती मिनिटे आपण वाढदिवसांची यादी वाचण्यात घालवतो, आणि त्यावर पावित्र्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

माझा प्रस्ताव असा: येत्या पुनरुत्थानाच्या सणापासून पेंटेकॉस्टपर्यंत ही सूचना स्थगित ठेवा. कुणाला टाळी वाजवायला सांगू नका, वाजवली तर अडवू नका. पन्नास दिवसांत काय होते ते पाहू. नंतर सर्व सभासदांची बैठक लावा. ज्यांना त्रास झाला त्यांनी आधी बोलावे, गायकवृंदाने शेवटी. मी येईन, आणि माझ्या बाजूच्या दोन-चार उत्साही मंडळींना गप्प बसवायची जबाबदारीही घेईन.

आपली नम्र,
गायकवृंदातली एक सभासद